आठवा गडी

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून अण्णा आमच्याकडे आहेत. डोळ्यांवर काळा चष्मा. टीव्ही बघायचा नाही, पेपर वाचायचा नाही, वाकायचं नाही. ज्या माणसानं सगळा जन्म वाकूनच काढला, त्याला ही शेवटची अट फार जड जातेय. त्यामुळे घरात कुणी काहीही करायला बसलं की अण्णा खुर्ची ओढून जवळ येतात आणि प्रश्न विचारतात.

गेल्या रविवारी जेवणं आटोपल्यावर मी जुना पेपर अंथरला आणि प्लेस्टेशन ३, म्हणजे गेम खेळायचं यंत्र (कन्सोल), उघडायला बसलो. पहिल्या मॉडेलचं, पाच किलोचं काळं धूड, सेकंडहँड घेतलेलं. समोरच्या प्लॉटवर दीड वर्ष बांधकाम चालू आहे आणि तिथली निम्मी सिमेंटची धूळ याच्या पंख्यात जाऊन बसली होती. गेम लावला की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज. स्क्रू काढत, पट्ट्या सोडवत, ड्राइव्ह बाजूला ठेवत मदरबोर्डापर्यंत पोचलो. बोर्डावर दोन चौकोनी चंदेरी झाकणं आणि त्यांवर वाळलेल्या चुन्यासारखी थर्मल पेस्ट, चिपची उष्णता वाहून नेणारा लेप. स्पिरिटच्या कापसानं एक झाकण पुसत होतो, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "ह्येच का त्याचं डोकं?"

"हो. या झाकणाखाली आठ गडी आणि एक मुकादम आहे."

"समदे कामं करतेत?"

"सात करतात. आठव्याला बसवून ठेवलंय."

"का? आजारी हाय?"

"माहीत नाही. असेल, नसेलही."

"म्हंजे धडधाकट आसला तरी बसवून ठेवलाय?"

"हो."

अण्णा गप्प झाले. मी कापूस तसाच हातात धरून बसलो. या चिपबद्दल मी वर्षानुवर्षं वाचत आलोय, पण तिच्यातलं नेमकं टोचणारं काय आहे ते इतक्या कमी शब्दांत कुणी विचारलं नव्हतं.

या चिपचं नाव सेल. सोनी, तोशिबा आणि आयबीएम या तिघांनी मिळून केलेली. २००१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये तिच्यासाठी वेगळं डिझाइन सेंटर काढलं होतं. मुख्य प्रोसेसर एकच, तो मुकादम. त्याच्या हाताखाली आठ छोटे प्रोसेसर, त्यांना एसपीई म्हणतात. मुकादम कामं वाटून देतो, राबतात ते गडी. प्रत्येक गड्याजवळ २५६ केबी मेमरी असते, कमरेला बांधलेली शिदोरीच म्हणा. त्या शिदोरीत जे असेल त्यावरच तो काम करणार. मुख्य मेमरीला त्याचा हात थेट पोचत नाही. माल मागवायचा, काम उरकायचं, परत पाठवायचा, आणि हे सगळं प्रोग्राम लिहिणाऱ्यानं आधीच आखून ठेवायचं. गेम बनवणाऱ्यांनी पहिली काही वर्षं या चिपला शिव्या घातल्या त्या उगाच नाही.

प्लेस्टेशन ३ जपानमध्ये बाजारात आलं ते ११ नोव्हेंबर २००६ रोजी. पण आठव्या गड्याचा निकाल त्याच्या आधीच लागला होता. मे २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई३ या गेमच्या मेळाव्यात सोनीनं यंत्र जाहीर केलं, तेव्हाच तक्त्यात सरळ लिहिलं होतं की आठांपैकी एक एसपीई राखीव. लपवाछपवी काही नव्हती. सिलिकॉनवर काढायचे आठ, चालवायचे सात. त्या सातांतलाही एक यंत्राची स्वतःची सिस्टीम ठेवून घेणार, म्हणजे गेम बनवणाऱ्याच्या पदरात सहा. खळ्यावरची रास घरी यायच्या आत बलुतं निघून जावं तशी गत.

सातच का चालवायचे, हे समजायला चिप कशी बनते ते पाहायला हवं. ती एकेक करून घडवत नाहीत. सिलिकॉनची ३०० मिमी व्यासाची तबकडी असते, मोठ्या भाकरीएवढी. तिच्यावर शेकडो चिपा एकदम छापतात आणि मग वड्या पाडाव्यात तशा कापून वेगळ्या करतात. सेलची पहिली आवृत्ती ९० नॅनोमीटर तंत्रावरची; हा आकडा जेवढा लहान तेवढी छपाई बारीक. २३ कोटी ४० लाख ट्रान्झिस्टर आणि क्षेत्रफळ २२१ चौरस मिमी, म्हणजे दीड सेंटिमीटर बाजूच्या चौकोनाएवढी वडी. त्या काळच्या मानानं मोठी. कडेच्या अर्धवट वड्या सोडल्या आणि हिशोब सोपा केला, तर एका तबकडीत अडीचशे धरू.

आता बाजरीच्या भाकरीवर तीळ भुरभुरतात ते आठवा. मुठीतले तीळ काही मापून पडत नाहीत. एका जागी तीन चिकटतात, बाजूची जागा कोरडी राहते. तबकडीवरचे दोष असेच पडतात. ऑपरेशन थिएटरलाही लाजवील इतकी स्वच्छ हवा कारखान्यात ठेवली तरी कुठे कण बसतो, कुठे छपाईची एखादी रेघ तुटते. समजा, अडीचशे वड्यांवर अडीचशे तीळ पडले. वडीमागे सरासरी एक. पण म्हणून प्रत्येक वडीला एकेक मिळेल असं नाही. संभाव्यतेच्या गणितानुसार साधारण ३७ टक्के वड्या पूर्ण कोऱ्या राहतील, ३७ टक्के वड्यांवर बरोबर एक तीळ पडेल, बाकीच्यांवर दोन किंवा त्याहून जास्त. आठही गडी ठणठणीतच पाहिजेत असा हट्ट धरला तर अडीचशेतल्या हाती लागल्या ९२. बाकी दीडशेच्या वर भंगार.

पण सेलच्या नकाशात जवळपास निम्मी जागा या आठ गड्यांचीच आहे. ज्या ९२ वड्यांवर एकच तीळ पडलाय, त्यांतल्या निम्म्यांवर तो कुणातरी गड्याच्याच डोक्यात पडलेला असणार. तेवढ्या एकाला घरी बसवलं की वडी चालू. ४६ वड्या भंगारातून परत आल्या, ९२ च्या १३८ झाल्या. दीडपट! हे आकडे माझे, समजण्यापुरते; खरे आकडे कंपन्या सहसा ओठांवर येऊ देत नाहीत. पण व्यवहार असाच चालतो. आणि तीळ मुकादमावर पडला तर मात्र ही सवलत नाही, कारण मुकादम एकच.

हे मी अण्णांना जमेल तसं सांगितलं. तिळाचं ऐकून ते हसले.

"म्हंजे टोकणच की."

मी इतकी वर्षं हे वाचत होतो आणि मला टोकण सुचली नव्हती, याची मला थोडी लाजच वाटली.

आमच्याकडे, परभणीच्या बाजूला, कापूस टोकताना एका जागी दोन-तीन सरक्या टाकायचे. सगळ्याच उगवतील याचा भरवसा नाही. एखादी कुजते, एखादीला किडा लागतो, एखादीच्या डोक्यावर ढेकूळ बसतं. दोन टाकल्या तर निदान एक वर येते. मग पंधरा-वीस दिवसांनी विरळणी. जोमदार असेल ते एक रोप ठेवायचं, बाकीचं उपटायचं. आणि दोन्ही सारखीच तरारलेली असली तरीही एक उपटायचंच, कारण एका जागी दोन राहिली तर दोन्ही खुरटतात. हे काम पोरांना द्यायचे, पोरांना वाकायला काय लागतं! मी दोन बोटांत दोन रोपं धरून बसून राहायचो. कोणतं उपटायचं ते ठरायचं नाही. मागून आजी ओरडायची, "उपट की रं, का लगीन लावतूस त्यांचं?" उपटलेली रोपं मी चोरून बांधाच्या कडेला लावायचो आणि ओंजळीनं पाणी घालायचो. दुसऱ्या दिवशी जाऊन बघावं तर माना टाकलेल्या. कापसाचं सोटमूळ एकदा दुखावलं की रोप सहसा धरत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

"पण आता तसं करत न्हाईत," अण्णा म्हणाले. "बियाणं म्हाग झालं. एकच बी टाकतेत. नांग्या पडल्या तर भरतेत. थैलीत रोपं करून ठेवायची आन् जिथं नांगी दिसंल तिथं लावायची. तुझ्या ह्याच्यात नांग्या भरता येतेत का?"

"नाही."

"मग बरोबर हाय. नांगी भरता येत न्हाई तिथं ज्यादाचंच पेरावं लागतं."

मेमरी बनवणारे हे फार आधीपासून करतात. मेमरीच्या चिपेत काही ओळी नि रकाने जास्तीचेच काढून ठेवतात. तपासणीत एखादी ओळ नासकी निघाली की तिचा पत्ता राखीव ओळीकडे वळवून देतात आणि वापरणाऱ्याला काही कळत नाही. पण मेमरीतली एक ओळ म्हणजे लाखातली एक, तिचं कुणाला काय वाटणार! सेलमध्ये आठांतला एक अख्खा गडी आहे, शिदोरीसकट.

शिवाय टोकणीत आणि सेलमध्ये एक फरक आहे. कमजोर गडी बसवला, इथवर ठीक. पण ज्या वडीवर एकही तीळ नाही, जिचे आठच्या आठ गडी खणखणीत आहेत, तिथंही एकाला बसवलंय. त्यानं दुसरा कुणी खुरटणार होता असंही नाही. दोष नसताना बसवलाय.

पीसीच्या बाजारात रीत वेगळी. तिथं आंब्याच्या पेटीसारखी प्रतवारी चालते. २००८ साली एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीनं तीन कोअरचा, म्हणजे तीन गड्यांचा, फेनॉम प्रोसेसर विकायला काढला, तेव्हा तो मुळात चार कोअरचाच होता, एक बंद केलेला. चारही चांगले तर माल महाग, तीन चांगले तर स्वस्त. पुढे पुढे चौथा कोअर चांगला असूनही केवळ स्वस्त मालाची मागणी पुरी करायला बंद केलेल्या चिपा निघायला लागल्या आणि मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन तो चौथा जागा करायचा लोकांना छंदच लागला. कुणाचा जागा व्हायचा, कुणाचं यंत्र सुरूच व्हायचं नाही. ज्याचा झाला तो आठवडाभर मित्रांना फोन करून सांगायचा.

कन्सोलला प्रतवारी परवडत नाही. गेम बनवणारा माणूस टोकियोत बसून ज्या यंत्रासाठी लिहितो, तेच यंत्र परभणीतही असलं पाहिजे, अगदी तंतोतंत. एकाकडे सात गडी आणि दुसऱ्याकडे आठ असले तर गेम सातांसाठीच लिहावा लागणार, मग आठवाल्याला फायदा काय? आणि एखाद्यानं आठांसाठी लिहिला तर सातवाल्यानं पैसे मोजून घेतलेलं यंत्र कमअस्सल ठरणार. म्हणून पहिल्याच दिवशी ठरलं, सगळ्यांचे सात. व्यवहार म्हणून मला हे पटतं. पटतं, पण आवडत नाही.

कारण पुढे काय झालं बघा. कारखान्याचा हात बसत गेला. ९० नॅनोमीटरची चिप ६५ वर आली, मग ४५ वर. २००९ मध्ये बारीक अंगाचं स्लिम मॉडेल आलं. वडी जेवढी लहान आणि छपाई जेवढी सराईत, तेवढे तीळ कमी. म्हणजे आठही गडी निरोगी असलेल्या वड्यांचं प्रमाण वाढतच गेलं असणार. पण चालले सातच. जपानमध्ये २०१७ पर्यंत हे यंत्र निघत होतं, आणि २००६ च्या लंगड्या चिपेसाठी ठरवलेली चाल शेवटच्या धडधाकट चिपेनंही मुकाट चालली. दुष्काळात लागू केलेली कपात सुकाळातही कुणी उठवली नाही, असं आपल्याकडे होतं तसं. फक्त इथं त्याला कारण होतं, आपल्याकडे बहुतेकदा नसतं.

याच सेलचं एक भावंड मात्र अमेरिकेत लॉस अलामॉसला नोकरीला लागलं. रोडरनर नावाचा महासंगणक, २००८. त्यात सेलच्या सुधारलेल्या आवृत्तीच्या १२,९६० चिपा होत्या आणि प्रत्येकीचे आठही गडी कामावर. एका सेकंदात एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं करायची मजल जगात पहिल्यांदा मारली ती यानं. काम होतं अण्वस्त्रांच्या चाचण्यांची गणितं करण्याचं. म्हणजे आठव्या गड्याला काम मिळालं ते असल्या ठिकाणी. पोरांच्या खेळण्यात त्याला जागा नव्हती. गंमत अशी की अमेरिकन हवाई दलालाही खेळण्यातल्या सेलचा मोह आवरला नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या रोम नावाच्या गावी त्यांच्या प्रयोगशाळेनं २०१० मध्ये १,७६० प्लेस्टेशन ३ एकाला एक जोडून महासंगणक उभा केला. दुकानात मिळतो तोच माल, कारण तो स्वस्त पडत होता. तिथं अर्थात आठवा बसूनच.

नंतरच्या कन्सोलांनी हीच रीत उचलली, फक्त राखीव माणसं बदलली. आता मुख्य प्रोसेसरातले गडी बसवत नाहीत, चित्रं काढणाऱ्या भागातल्या तुकड्या बसवतात. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये अशा २० तुकड्या छापलेल्या, १८ चालू. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वनमध्ये १४ पैकी १२. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये ४० पैकी ३६, एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये ५६ पैकी ५२. एक्सबॉक्स वनच्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरांनी त्या दोन राखीव तुकड्या जाग्या करून बघितल्या होत्या, हे त्यांनी नंतर उघडपणे सांगितलं. १४ तुकड्या चालवाव्यात की १२ च ठेवून वेग वाढवावा? त्यांनी वेग ८०० वरून ८५३ मेगाहर्ट्झ केला आणि दोघांना परत झोपवलं. राखीव खेळाडूला पॅड बांधून सीमारेषेपर्यंत आणावं आणि तिथून माघारी पाठवावं, तसं.

या आकड्यांत माझा जीव फारसा रमत नाही. चाळीसात चार म्हणजे गर्दी झाली. गर्दीतला कोण घरी बसला त्याचं कुणाला काय! सेलमध्ये आठच होते, आठांना चेहरे असतात.

आणि सेलमध्ये कोण बसलाय हे यंत्रागणिक वेगळं. आठ गडी चिपेवर दोन रांगांत बसतात आणि त्यांच्यामधून गोल फिरणारा रस्ता जातो. दोन मार्गिका उजवीकडून, दोन डावीकडून. गड्याला मुकादमाकडून किंवा मेमरीकडून माल यायचा तो याच रस्त्यानं, आणि कोण किती लांब बसलाय त्यावर वाटेतले थांबे ठरतात. प्रोग्रामला हे काहीच दिसत नाही. त्याला सहा गडी मिळतात, शून्य ते पाच नंबरचे, शाळेतल्या हजेरीसारखे. प्रत्यक्षात कोण कुठल्या बाकावर आहे आणि मधला कुठला बाक रिकामा आहे, ते प्रोग्राम लिहिणाऱ्याला कळत नाही. म्हणजे तंतोतंत सारखी म्हणून विकलेली दोन यंत्रंही आतून किंचित वेगळी. एकात दारापाशी बसलेला गडी उठवला, दुसऱ्यात कोपऱ्यातला.

तोवर मी नवी पेस्ट लावून घेतली होती. पंख्याची पाती रंगाच्या ब्रशनं झाडली, पेपरवर राखाडी ढीग जमला. अण्णांनी त्यात बोट घालून बघितलं, "ह्ये त सिमेंटच हाय."

"आण्खी एक सांग," ते म्हणाले. "त्या आठव्याला उठवून बघता येतंय का न्हाई?"

येतं, मी म्हणालो. म्हणजे काही जणांनी केलंय. बोर्डावर दुसरी एक छोटी चिप असते, तिच्यात काही गोष्टी नोंदवलेल्या असतात. त्यातली आठव्याबद्दलची नोंद हौशी लोकांनी शोधून काढली आणि बदलली. काहींच्या यंत्रात आठवा गडी उठला, कामाला लागला. त्याला काम देणारा गेम एकही नाही, ते सोडा. नुसती हजेरी देऊन उभा राहिला.

"मग तू बघ की."

"नको. नोंद चुकली तर आहेत ते सातही जायचे."

हे कारण खरं आहे. पण एवढंच नाही. समजा उठवला आणि तो खरंच अधू निघाला, तर बरंच वाटेल. हिशोब चोख होता म्हणायचं. पण ठणठणीत निघाला तर? मग दर वेळी गेम लावताना तो मला तिथं बसलेला दिसत राहणार. सध्या तो दोन्ही आहे, अधू पण आणि धडधाकट पण, आणि मला ते बरं पडतंय.

झाकण लावलं, स्क्रू आवळले, टीव्हीला जोडलं. बटण दाबल्यावर पंखा फिरला पण आवाज नाही. इतका नाही की मला आधी वाटलं काहीतरी जोडायचं राहिलं. अण्णा काळ्या चष्म्यातून टीव्हीकडे तोंड करून बसले होते, म्हटलं बघू नका. म्हणाले, बघत न्हाई, ऐकतोय.

चहा झाल्यावर त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकायला बसलो. मान मागे टाकून, डोळा उघडा ठेवून ते म्हणाले,

"तू बांधावर रोपं लावायचास बघ."

"हो. एकही जगलं नाही."

"एक लागलं होतं. चिंचंच्या अंगाला. सात-आठ बोंडं आली त्याला."

माझा हात तसाच राहिला. "मला कुणी सांगितलं नाही ते?"

"सांगितलं आसतं तर फुडच्या साली तू एक तरी उपटलं आसतंस का? टाक, थेंब टाक."